वही कोणाच्या हातात?

(आपल्या १९९८ च्या दहावी तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी बोलणं तसंच ठेवलं आहे, फक्त मध्ये आलेल्या टाळ्या आणि टोमणे काढले आहेत.)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. आपल्या डॉक्टर मैत्रिणीने आत्ताच मधुमेहावर बोलून जेवणातल्या गुलाबजामवर पाणी फिरवलं. माझा विषय तुमच्या ताटावर नाही, खिशावर आहे.

आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या वर्षभरात दोन प्रश्न पुन्हा पुन्हा आले. पहिला: "अगं, तू कॉम्प्युटरवाली ना, बिटकॉइन घेऊ का?" दुसरा जास्त गंभीर आहे. शाळेच्या संगणक कक्षासाठी आणि गरजू मुलांच्या फीसाठी आपण जो निधी जमवतो आहोत, त्यातला काही भाग क्रिप्टोत ठेवावा, असं काहींनी सुचवलं. त्यावरून दोन दिवस ग्रुपवर जी जुंपली, ती तुम्हाला आठवत असेल. दोघे ग्रुप सोडून गेले, मग चहावर समेट होऊन परत आले.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. भाव वर जाईल की खाली, हे मला कळत असतं तर मी आज इथे चारचाकीतून आले असते, भाईंदर स्टेशनवरून शेअर रिक्षाने नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देणार आहे, पण शेवटी. त्याआधी एका भांडणाची गोष्ट सांगते. ती समजली की बाकीचं आपोआप समजेल.

हे भांडण साधारण २०१५ ते २०१७ या काळात झालं. जगभरातले हुशार प्रोग्रामर, मोठमोठ्या कंपन्या आणि हजारो सामान्य माणसं एकमेकांवर तुटून पडली होती. कारण काय? तर एक आकडा. एक एमबी. आपण मोबाइलवर सकाळी "शुभ प्रभात"चा जो फुलांचा फोटो पाठवतो, साधारण तेवढा.

आधी बिटकॉइन म्हणजे काय ते आपल्या भाषेत. इथल्या बऱ्याच जणींनी भिशी लावली असेल. भिशीत पैसे महत्त्वाचे असतात, पण त्याहून महत्त्वाची असते वही. कोणी किती भरले, कोणाची उचल झाली, कोणाची बाकी आहे. ती वही एकीकडे असते आणि सगळा व्यवहार तिच्या सचोटीवर चालतो. बहुतेक वेळा चालतोही. पण ती गावाला गेली, आजारी पडली किंवा तिची नियत फिरली, तर बाकीच्या अकराजणी हात चोळत बसतात.

आता समजा, बाराही जणींकडे तीच वही आहे. एकीने भरले की बाराही वह्यांत नोंद. एकीने आपल्या वहीत खाडाखोड केली तर बाकीच्या अकरा वह्या तिला खोटं ठरवतात. मग प्रमुख कोण हा प्रश्नच उरत नाही. सातोशी नाकामोतो या नावाने लिहिणाऱ्या कोणीतरी ३१ ऑक्टोबर २००८ रोजी नऊ पानांचा एक लेख प्रसिद्ध केला. त्यातली मूळ कल्पना हीच: बँक नाही, मालक नाही, एकच वही, आणि तिची प्रत ज्याला हवी त्याच्याकडे. ३ जानेवारी २००९ ला त्या वहीचं पहिलं पान लिहिलं गेलं. सातोशी कोण, हे आजही जगाला माहीत नाही.

त्या वहीच्या पानाला म्हणतात ब्लॉक. पानं एकामागोमाग एक अशी शिवलेली असतात की मधलं पान बदललं तर पुढची सगळी शिवण उसवते, म्हणून ब्लॉकचेन. साधारण दर दहा मिनिटांनी एक नवं पान. ते लिहिण्याचा मान मिळवण्यासाठी जे लोक प्रचंड वीज खर्चून संगणक चालवतात ते मायनर. आणि लिहिलेलं पान नियमांना धरून आहे की नाही हे तपासून आपल्याकडे प्रत ठेवणारे संगणक म्हणजे नोड. मायनर आणि नोड हा फरक लक्षात ठेवा, भांडणाचं मूळ त्यातच आहे.

२०१० मध्ये सातोशींनी एक नियम घातला: पान एक एमबीपेक्षा मोठं असू नये. हेतू साधा होता. कोणी उगाच कचरा भरून वही फुगवू नये. पुढे गरज पडली तर ही मर्यादा वाढवता येईल, असंही त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. नंतर ते निघून गेले आणि नियम राहिला.

आता थोडं गणित. सर समोर बसले आहेत, त्यामुळे पायऱ्यांसकट करते. एक साधा व्यवहार लिहायला साधारण २५० बाइट जागा लागते. एक एमबीच्या पानात असे ४,००० व्यवहार मावतात. दहा मिनिटं म्हणजे ६०० सेकंद. ४,००० भागिले ६०० म्हणजे सेकंदाला साडेसहा-सात व्यवहार. प्रत्यक्षात व्यवहार मोठे असतात, त्यामुळे त्याहूनही कमी. सगळ्या जगात मिळून सेकंदाला सात! दुसरीकडे आपलं यूपीआय बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यावर पहिल्यांदाच महिन्याला १,००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. सेकंदाला सरासरी काढली तर साडेतीन हजारांच्या वर.

म्हणजे बिटकॉइन लोकप्रिय झालं तसं पान भरायला लागलं. बाहेर व्यवहारांची रांग लागली. मायनर साहजिकच जास्त शुल्क देणाऱ्याला आधी आत घेतात. रांग वाढली की शुल्क वाढतं.

इथे आपल्याला समजावून सांगायची गरज नाही, कारण आपण भाईंदरकर आहोत. सकाळी सात-पन्नासला फलाटावर उभं राहिलेल्या माणसाला ब्लॉकची मर्यादा म्हणजे काय ते कळतं. गाडी विरारहून भरूनच येते, आपण लटकतो किंवा पुढच्या गाडीची वाट बघतो. मग आपण काय मागणी केली? डबे वाढवा. आपण शाळेत होतो तेव्हा नऊ आणि बारा डब्यांच्या गाड्या होत्या. २००९ मध्ये पश्चिम रेल्वेवर पंधरा डब्यांची गाडी आली. मग सगळ्याच गाड्या पंधरा डब्यांच्या का झाल्या नाहीत? कारण फलाट. पंधरा डब्यांची गाडी उभी राहायची तर प्रत्येक स्टेशनचा फलाट तेवढा लांब हवा. म्हणून बरीच वर्षं ती फक्त जलद मार्गावर धावली. अंधेरी ते विरार धीम्या मार्गावर ती यायला, तिथले फलाट लांबवून होईपर्यंत २०२१ उजाडलं. ज्या स्टेशनचा फलाट छोटा, तिथे मोठी गाडी थांबू शकत नाही.

आणि "डबे नको, गाड्याच वाढवा" म्हटलं, तर दोन गाड्यांमध्ये सिग्नलला अंतर लागतं. बिटकॉइनमध्येही तसंच. दहा मिनिटांऐवजी दर काही सेकंदांनी पान लिहिलं, तर एक पान जगभर पोचण्याआधीच दुसरीकडे दुसरं लिहून होईल आणि टक्कर होईल.

भांडणाच्या दोन बाजू आता मांडता येतील.

मोठ्या ब्लॉकवाले म्हणत: डबे वाढवा. बिटकॉइन हे रोजच्या व्यवहाराचं चलन म्हणून जन्माला आलं. चहावाल्याला पैसे द्यायला चहापेक्षा जास्त शुल्क लागत असेल तर त्याचा उपयोग काय? आणि शुल्क वाढलं की सगळ्यात आधी बाहेर कोण पडतं? गरीब माणूस. शिवाय इंटरनेट वेगवान होतं आहे, डिस्क स्वस्त होत आहेत, मग घाबरायचं कशाला?

छोट्या ब्लॉकवाले म्हणत: फलाटांचा विचार करा. एक एमबीच्या हिशोबाने दिवसाला १४४ पानं, म्हणजे वर्षाला सुमारे ५२ जीबी. हे साध्या घरगुती संगणकावर मावतं. आठ एमबी केलं तर वर्षाला ४२० जीबी. आणि यूपीआयएवढे व्यवहार त्या वहीत घालायचे म्हटले तर? मी हिशोब करून बघितला. एकेक पान साडेपाचशे एमबीचं होईल, दिवसाला ८० जीबी, वर्षाला २९ टीबी. एवढी वही कोण ठेवणार? मोठ्या कंपन्या आणि डेटा सेंटर. भाईंदरच्या फ्लॅटमधली मी नाही. मग वही पुन्हा पाचपन्नास जणांच्या हातात. आणि तेच हवं असेल तर बँक काय वाईट होती?

शिवाय एक तांत्रिक मुद्दा. पान मोठं झालं की ते पोचायला वेळ लागतो. जो मायनर मोठा, ज्याचे संगणक एकमेकांना जवळ, त्याला पुढच्या पानाचं काम आधी सुरू करता येतं. लहान मायनर मागे पडत जातो. त्या काळी मायनिंगचा मोठा हिस्सा चीनमध्ये होता, त्यामुळे ही भीती हवेतली नव्हती.

दोन्ही बाजूंत लबाड माणसं असतील, पण दोन्ही मुद्दे खरे आहेत. एकाने विचारलं: वापरणं परवडतं का? दुसऱ्याने विचारलं: तपासणं परवडतं का? आणि एकाला उत्तर दिलं की दुसऱ्याचं बिघडतं.

आता घटनाक्रम पटकन सांगते. ऑगस्ट २०१५ मध्ये गॅविन अँड्रेसन आणि माइक हर्न या दोन जुन्या प्रोग्रामरांनी आठ एमबीपासून सुरुवात करून पुढे वाढत जाणारी आवृत्ती आणली, बिटकॉइन एक्सटी. ती चालली नाही. जानेवारी २०१६ मध्ये हर्न यांनी बिटकॉइनचा प्रयोग फसला असं जाहीर करून काम सोडलं. मग दोन एमबीचा प्रस्ताव आला, तोही अडकला. फेब्रुवारी २०१६ मध्ये हाँगकाँगला समझोता झाला, तो टिकला नाही. मे २०१७ मध्ये न्यूयॉर्कला २२ देशांतल्या ५८ कंपन्या एकत्र आल्या. जाळ्याची ८० टक्क्यांहून जास्त मायनिंग शक्ती त्यांच्या बाजूला होती. त्यांचा तोडगा असा: सह्यांचा भाग पानाच्या मुख्य मोजणीतून बाजूला काढणारी सेगविट नावाची सुधारणा आधी करू, म्हणजे त्याच पानात जास्त व्यवहार मावतील, आणि काही महिन्यांनी ब्लॉकही दुप्पट करू.

बडे लोक, पैसा, यंत्रं, सगळं एका बाजूला. आपल्याला वाटेल, झालं, ठरलं. पण इथे आपल्या नोडवाल्यांनी, म्हणजे घरी वहीची प्रत ठेवणाऱ्या सामान्य माणसांनी, आधीच सांगून ठेवलं होतं की १ ऑगस्ट २०१७ पासून सेगविट न पाळणारी पानं आम्ही स्वीकारणारच नाही. मायनरने कितीही वीज जाळून पान लिहिलं आणि ते कोणी वहीत शिवूनच घेतलं नाही, तर त्या पानाची किंमत शून्य. त्या दबावाचा परिणाम झाला. सेगविट ऑगस्टमध्ये लागू झालं आणि ब्लॉक दुप्पट करायचा दुसरा अर्धा भाग ८ नोव्हेंबर २०१७ ला गुंडाळून ठेवावा लागला.

मोठ्या ब्लॉकवाल्यांनी त्याच १ ऑगस्टला वेगळी चूल मांडली. बिटकॉइन कॅश, आठ एमबीचं पान. आपल्याकडे एखाद्या हाउसिंग सोसायटीत दोन गट पडावेत, दोघांनीही आजवरच्या वहीची झेरॉक्स काढावी आणि उद्यापासून आपापल्या वहीत वेगळं लिहायला लागावं, तसं. ज्याच्या नावावर जुन्या वहीत दहा होते, त्याचे दोन्ही वह्यांत दहा-दहा झाले. पुढे या नव्या चुलीचीही नोव्हेंबर २०१८ मध्ये दोन भागांत वाटणी झाली, पुन्हा पानाच्या आकारावरून आणि नियमांवरून. एकदा वेगळं व्हायची सवय लागली की काय होतं ते भावकीतल्या जमिनी बघितलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

मग छोट्या ब्लॉकवाले जिंकले का? जिंकले, पण किंमत मोजून. डिसेंबर २०१७ मध्ये भाव भडकले, रांग वाढली आणि एका व्यवहाराचं सरासरी शुल्क पन्नास डॉलरच्या वर गेलं. म्हणजे तेव्हाचे तीन हजारांहून जास्त रुपये! एका व्यवहाराला! मोठ्या ब्लॉकवाल्यांनी जो इशारा दिला होता तो तंतोतंत खरा ठरला. आज बिटकॉइनने चहाचे पैसे कोणी देत नाही, लोक ते सोन्यासारखं ठेवून देतात. पण आजही ती संपूर्ण वही, २००९ च्या पहिल्या पानापासून, एक टीबीच्या डिस्कवर मावते. माझ्या घरी एका जुन्या लॅपटॉपवर ती आहे. माझ्याकडे बिटकॉइन नाही, वही आहे! नवरा म्हणतो, लोक भिशी लावतात, तू नुसती वही सांभाळतेस.

गर्दीवर तिसरा उपायही निघाला: मुख्य मार्ग तसाच ठेवा आणि बाजूने दुसरा मार्ग टाका. किरकोळ व्यवहार बाजूच्या मार्गावर करा, गोळाबेरीज मुख्य वहीत लिहा. बिटकॉइनसाठी लाइटनिंग नावाचा असा मार्ग आहे. आणि इथे आपल्या मुंबईचा संबंध येतो. इथेरियम नावाच्या दुसऱ्या मोठ्या जाळ्यालाही गर्दीचा हाच आजार होता. त्यावर उपाय म्हणून २०१७ मध्ये मुंबईत काही तरुणांनी मॅटिक नावाचं जाळं सुरू केलं. तेच पुढे २०२१ मध्ये पॉलिगॉन या नावाने जगभर गाजलं. तिथे दर दोन-एक सेकंदांनी पान लिहिलं जातं आणि शुल्क नगण्य. पण पानं मंजूर करणारे किती? शंभराच्या आसपास. म्हणजे वेग मिळाला, पण वही कमी हातांत आली. कुठलाच मार्ग फुकट नाही.

त्याच पॉलिगॉनवर २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली भागात सुमारे ६५,००० जातीच्या दाखल्यांची नोंद करण्याचा उपक्रम शासनाने हाती घेतला. दाखल्याचा ठसा, म्हणजे त्यातल्या मजकुरावरून गणिताने काढलेली खूण, ब्लॉकचेनवर ठेवायची. दाखल्यात एक अक्षर बदललं तरी ठसा जुळत नाही. कॉलेजात प्रवेश घेताना एखाद्या आदिवासी मुलाचा दाखला खरा आहे की नाही, हे तपासायला तालुक्याच्या कचेरीत फेऱ्या मारायला नकोत. आपल्यापैकी ज्यांनी असल्या दाखल्यांसाठी ठाण्याला खेटे घातले आहेत, त्यांना यातलं मोल कळेल. ही गोष्ट मला सगळ्या भावाच्या आलेखांपेक्षा जास्त मोलाची वाटते. मात्र लक्षात घ्या, दाखला देणारा अधिकारी पूर्वीसारखाच लागतो. चुकीचा दाखला दिला गेला तर ब्लॉकचेन ती चूक जपून ठेवेल, सुधारणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? यूपीआय आहे की! नवघर रोडवरच्या भाजीवालीपासून सगळ्यांकडे चालतं. बरोबर आहे. मी स्वतः वीस वर्षांहून जास्त काळ बँकांच्या देवाणघेवाणीचं सॉफ्टवेअर लिहिते, आणि यूपीआयबद्दल मला आदर आहे. त्याला एक चालक संस्था आहे, एनपीसीआय. वर रिझर्व्ह बँक आहे. वही मोजक्या हातांत आहे म्हणूनच ती इतकी वेगवान आहे. तक्रार करायला जागा आहे, चुकीच्या व्यवहारावर दाद मागता येते. रोजच्या व्यवहाराला हेच योग्य.

पण वही मोजक्या हातांत असण्याची दुसरी बाजूही आपल्या मुंबईने बघितली आहे. सप्टेंबर २०१९. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक, पीएमसी. रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि खातेदारांना सुरुवातीला सांगितलं गेलं, सहा महिन्यांत फक्त हजार रुपये काढा. तपासात पुढे आलं ते असं की एका बांधकाम समूहाला दिलेली प्रचंड कर्जं लपवण्यासाठी २१,००० हून जास्त बनावट खाती दाखवली गेली होती. लेखापरीक्षण होत होतं, अहवाल निघत होते, सगळं कागदावर होतं. पण वही एकाच घरात लिहिली जात होती आणि बाहेरच्यांना जे पान दाखवलं जाई तेच ते बघत. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, आणि मोठ्या ठेवी असणाऱ्यांचे पैसे टप्प्याटप्प्याने, दहा वर्षांपर्यंत मिळायचे ठरले. एखाद्या निवृत्त माणसाला दहा वर्षं म्हणजे काय, हे आपल्या सरांच्या पिढीला विचारा.

हे ऐकून कोणाला वाटेल, म्हणजे क्रिप्टोच बरं! थांबा. आता जुलै २०२४. वझीरएक्स, आपल्या मुंबईत सुरू झालेलं, देशातल्या मोठ्या क्रिप्टो एक्स्चेंजपैकी एक. १८ जुलैला त्यांच्या एका तिजोरीतून सुमारे २३ कोटी डॉलर, तेव्हाच्या दराने १,९०० कोटी रुपयांहून जास्त किमतीचं क्रिप्टो चोरीला गेलं. ग्राहकांना आपलं क्रिप्टो काढणं महिनोन्महिने बंद झालं. म्हणजे बघा, जाळं विकेंद्रित, वही हजारो ठिकाणी, त्यासाठी जगभर तीन वर्षं भांडण झालेलं, आणि शेवटी लोकांनी काय केलं? किल्ली पुन्हा एकाच कंपनीच्या हातात दिली. वहीत नाव कंपनीचं, आपल्याकडे फक्त ॲपवरचा आकडा. बँकेत निदान पाच लाखांपर्यंत ठेवीला विम्याचं संरक्षण आहे. इथे तेही नाही.

त्यातला एक तपशील मला महत्त्वाचा वाटतो. ती तिजोरी एका सहीने उघडणारी नव्हती, अनेकांच्या सह्या लागत. कंपनीने सांगितलं त्याप्रमाणे सही करणाऱ्यांना पडद्यावर एक दिसत होतं आणि सही प्रत्यक्षात दुसऱ्याच गोष्टीवर होत होती. चार सह्या असून उपयोग नसतो, जर चौघेही न वाचता सही करत असतील. सोसायटीच्या चेकवर सही करणाऱ्या सेक्रेटरींनी हे फ्रेम करून लावावं.

आणि पुण्यात २०१८ मध्ये गाजलेलं गेनबिटकॉइन प्रकरण तर वेगळंच. त्यात महिन्याला दहा टक्के परतावा देण्याचं आमिष दाखवल्याचा आरोप होता. तिथे ब्लॉकचेनचा दोष शोधू नका. महिन्याला दहा टक्के म्हणणारा माणूस सोनं विकत असो, सागाची झाडं विकत असो की बिटकॉइन, त्याच्या घराचा जिना चढू नका.

एवढं सगळं सांगून मी येते आपल्या निधीकडे.

माझं मत स्पष्ट आहे: या निधीतला एक रुपयाही क्रिप्टोत ठेवू नये. हे पैसे आपले नाहीत, ते पुढच्या वर्षी फी भरू न शकणाऱ्या मुलीचे आहेत. तिची फी जूनमध्ये भरायची असते, भाव वर जाईपर्यंत शाळा थांबत नाही. २०२२ पासून क्रिप्टोतल्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, आणि तोटा झाला तर तो दुसऱ्या कशातूनही वजा करता येत नाही. ज्याला स्वतःचे पैसे लावायचे आहेत त्याने जरूर लावावेत, बुडाले तरी झोप लागेल एवढेच.

पण त्या भांडणातून घेण्यासारखी एक गोष्ट आहे, आणि ती फुकट आहे. वही कमी लोकांकडे असली तर ती जलद लिहिली जाते, जास्त लोकांकडे असली तर ती खरी राहते. आपला निधी लहान आहे. वर्षात फार तर शंभर नोंदी. आपल्याला वेगाची गरजच नाही. म्हणजे आपली वही सगळ्यांकडे असणं आपल्याला सहज परवडतं.

आज आपला सगळा हिशोब खजिनदारांच्या एका डायरीत आहे. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल माझ्या मनात तसूभरही शंका नाही, गणपतीच्या वर्गणीचा हिशोब ते नववीत असल्यापासून पैशापैशापर्यंत देत आले आहेत. म्हणूनच मी हे मोकळेपणाने बोलू शकते. सगळं एका माणसाच्या खांद्यावर टाकणं हा त्यांच्यावरही अन्याय आहे. उद्या कोणी शंका काढली तर त्यांच्याकडे दाखवायला साक्षीदार नाही.

म्हणून तीन सूचना करते. एक, बँक खातं तिघांच्या नावे, कुठल्याही दोघांच्या सह्यांनी चालणारं, आणि सही करणाऱ्याने बिल स्वतः वाचूनच सही करायची. दोन, दर महिन्याच्या एक तारखेला पासबुकाच्या पानाचा फोटो ग्रुपवर, एकही नोंद न झाकता. ज्या मुलांना मदत दिली त्यांची नावं मात्र ग्रुपवर टाकायची नाहीत, ती मुख्याध्यापकांकडे राहतील. उघडेपणाच्या नादात लेकरांची लाज उघडी करायला नको. तीन, वर्षाच्या हिशोबाची प्रत निदान पाच जणांकडे, वेगवेगळ्या घरांत. त्यातला एक भाईंदरमध्ये, एक शाळेत, आणि एक आपल्या परदेशातल्या मित्रमंडळींपैकी कोणाकडे तरी.

हे करायला ना ब्लॉकचेन लागते, ना इंजिनिअर. लागतो तो थोडा कंटाळा सहन करायचा स्वभाव. कारण प्रत ठेवणं सोपं आहे, ती उघडून तपासणं कंटाळवाणं आहे. २०१७ मध्ये त्या नोडवाल्यांच्या शब्दाला वजन आलं ते त्यांच्याकडे प्रती होत्या एवढ्यानेच नाही, प्रत्येक पान ते तपासत होते म्हणून. ग्रुपवर पासबुकाचा फोटो आला की नुसता अंगठा दाखवू नका. बेरीज करा. आपल्या सगळ्यांना बेरीज येते, ती शिकवणारे सर समोर बसले आहेत.

या सूचना मी जेवणानंतरच्या बैठकीत मांडणार आहे. विरोध असेल तर जरूर करा, फक्त वेगळी चूल मांडू नका.